काळ्या पडद्यामागचा पाठ

सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेच्या जडसंग्रह नोंदवहीत एका वस्तूसमोर लाल शाईने शेरा मारलेला होता : ‘डिस्प्ले नाही. निर्लेखित करावे.’ शेरा जुना होता, आणि निर्लेखनाचा कागद कुठेतरी अडकून पडल्यामुळे ती वस्तू अजून कपाटात होती. साहित्याच्या अभ्यासकांनी या शेऱ्याकडे लक्ष द्यावे असे मला वाटते, कारण ‘मला दिसत नाही’ या अनुभवावरून ‘तेथे काही नाही’ या निष्कर्षावर जी उडी त्यात घेतली आहे ती आपल्याही परिचयाची आहे. हस्तलिखितातली ओळ लागली नाही की ती भ्रष्ट आहे असे म्हणणारे आपल्यातही थोडे नाहीत.

वस्तू म्हणजे बीबीसी मायक्रो, मॉडेल बी. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने १९८१च्या अखेरीस बाजारात आणलेला हा घरगुती-शालेय संगणक. स्मृती ३२ किलोबाइट. कळफलक आणि यंत्र एकाच खोक्यात, पडदा मात्र वेगळा. तो ज्याचा त्याने आणायचा. आपल्याकडे १९८४-८५मध्ये ‘क्लास’ नावाची संगणक-साक्षरतेची योजना सुरू झाली, तिच्या पहिल्या टप्प्यात सुमारे २५० शाळांना हेच संगणक मिळाले. या शाळेतला संगणक त्यांपैकीच. त्याच्यासोबत कपाटात पाच कॅसेटी होत्या. चार कॅसेटींवर इंग्रजीत शैक्षणिक कार्यक्रमांची नावे छापलेली, पाचवीवर पेनाने लिहिलेले : ‘आई – ओव्या.’

ती कॅसेट शाळेतल्या गणिताच्या शिक्षकांची. ते आता हयात नाहीत. त्यांची आई जात्यावर ज्या ओव्या म्हणे त्या त्यांनी संगणकात घातल्या होत्या, एवढे त्यांच्या सहकाऱ्यांना आठवत होते. ‘घातल्या’ म्हणजे नेमके काय केले, हे कोणाला सांगता येईना. गाण्याची कॅसेट समजून एकाने ती टेपरेकॉर्डरवर लावूनही पाहिली होती. त्यातून किरकिर आवाज आला, म्हणून खराब झाली असे ठरले. तो किरकिर आवाज हाच मजकूर होता.

बीबीसी मायक्रोला देवनागरी येत नव्हती. कानपूरच्या आयआयटीत विकसित झालेले आणि पुढे १९८८पासून पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले जिस्ट तंत्रज्ञान व्यक्तिगत संगणकांसाठी होते. ‘क’ला अमुक क्रमांक आणि ‘ख’ला तमुक, असे सर्वमान्य करणारे इस्कीचे भारतीय मानक १९९१चे. या शिक्षकांकडे यातले काहीच नव्हते. त्यांच्याकडे होती ‘व्हीडीयू २३’ ही बेसिकमधली एक आज्ञा. तिच्यापुढे आधी एक क्रमांक आणि मग आठ आकडे लिहिले की आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकोनात आपल्याला हवे ते चिन्ह तयार होते. एक आकडा म्हणजे आठ ठिपक्यांची एक आडवी ओळ. सगळे आठ ठिपके उजळायचे असतील तर आकडा २५५. म्हणजे या लिपीत शिरोरेखा ही एक संख्या आहे, आणि बहुतेक प्रत्येक अक्षराचा पहिला आकडा तोच. (‘ध’ आणि ‘भ’ यांचा अर्थातच अपवाद. तिथे त्यांनी रेघ तोडली आहे. गणिताच्या शिक्षकाने हे सांभाळले याचा मला, का कोण जाणे, फार आनंद झाला.)

खरी अडचण पुढेच आहे. अशा घरी बनवलेल्या चिन्हांसाठी यंत्रात सहजी मोकळे क्रमांक बत्तीसच, २२४ ते २५५. मराठीला ते पुरत नाहीत. पण चित्रमय मोडमध्ये एकदा पडद्यावर उमटलेले चिन्ह म्हणजे नुसते ठिपके असतात. क्रमांकाचा आकार नंतर बदलला तरी आधी उमटलेले तसेच राहते. शिक्षकांनी याचा पुरेपूर फायदा घेतला. पहिल्या ओळीत २३० म्हणजे ‘ळ’. ती ओळ छापून झाली की २३०चा आकार बदलून ‘छ’ करायचा आणि दुसरी ओळ छापायची. त्यामुळे कॅसेटवरच्या कार्यक्रमात ‘ओवी’ नावाचा मजकूर सलगपणे कोठेच नाही. आकडे आहेत, आणि त्या आकड्यांचा अर्थ ओळीगणिक बदलतो. ‘यंत्र टाका, मजकूर तेवढा काढून घ्या’ असा सल्ला मला एकाहून अधिक सुशिक्षित माणसांनी दिला. काढून घ्यायला मजकूर आहे कोठे? पडद्यावर उमटतो तेव्हाच, आणि तेथेच, तो मराठी होतो.

म्हणून पडद्याचा बिघाड शोधणे हे मेकॅनिकचे किरकोळ काम आहे आणि ते झाल्यावर आपले काम सुरू होते, ही वाटणी मला मान्य नाही. बिघाड शोधणे हीच या प्रकरणातली पाठचिकित्सा होती. तिचे धडे मला ज्यांनी दिले ते गावात चाळीस वर्षे टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचे दुकान चालवणारे एक काका. त्यांनी बीबीसी मायक्रो पूर्वी कधी उघडला नव्हता.

काकांनी पहिल्यांदा पडद्याकडे पाहिलेच नाही. यंत्राला वीज देण्यापूर्वी त्यांनी पॉवर सप्लाय उघडून त्यातले जुने फिल्टर कपॅसिटर बदलले (या यंत्रांतले ते कपॅसिटर म्हातारपणी फुटतात आणि खोलीभर धूर करतात). मग बटण दाबले. मी पडद्याकडे डोळे लावून बसले होते. “बाई, आधी आवाज ऐका. चित्राचं नंतर बघू,” ते म्हणाले. निरोगी बीबीसी मायक्रो सुरू होताना आधी एक खालच्या पट्टीतला सूर आणि लगेच एक आखूड, वरचा ‘बीप’ देतो. खालचा सूरच लांबत राहिला तर यंत्र जागे झालेले नाही असे समजावे. आमच्या यंत्राने दोन्ही सूर दिले. कॅप्स लॉकची कळ दाबली की तिचा दिवा लागत होता, विझत होता. मग मी, पडद्यावर काहीही दिसत नसताना, माहितीपुस्तिकेत पाहून ‘व्हीडीयू ७’ असे टंकित केले आणि रिटर्नची कळ दाबली. ‘बीप’ आला. सातवा क्रमांक घंटीचा असतो. म्हणजे यंत्र ऐकत होते, समजत होते, आज्ञा पाळत होते. शेरा मारणाऱ्याने एवढे केले असते तर ‘निर्लेखित’ हा शब्द लिहिण्यापूर्वी तो थांबला असता.

आता बिघाड यंत्राच्या बुद्धीपासून माणसाच्या डोळ्यापर्यंतच्या वाटेवर कुठेतरी होता, आणि वाटा एकापेक्षा जास्त. या संगणकाच्या पाठीवर चित्र बाहेर पडायला तीन दारे आहेत. एक, टीव्हीच्या अँटेनात जाणारे, यूएचएफ ३६व्या वाहिनीवर मिळणारे. दुसरे, बीएनसी सॉकेटमधून निघणारे कंपोझिट व्हिडिओ. तिसरे, सहा पिनांच्या गोल सॉकेटमधले लाल-हिरवे-निळे वेगवेगळे. तिसऱ्यासाठी कोणीतरी घरी तार बनवायला घेतली होती, ती काकांनी बाजूला ठेवली. त्या पिनांवर पाच व्होल्टच्या हिशेबाचे संकेत येतात आणि टीव्हीला हवे असतात एका व्होल्टपेक्षाही कमी, साधारण ०.७. मधे रोधक घातल्याशिवाय, केवळ प्लग बसतो म्हणून जोडणे त्यांना नामंजूर होते.

शाळेच्या सपाट टीव्हीला कंपोझिटची तार लावलेली होती आणि टीव्ही निळा पडदा दाखवून ‘नो सिग्नल’ म्हणत होता. काकांनी तारेची दोन टोके मल्टिमीटरला लावून ती बीएनसीच्या मुळाशी हलवली. बीप येई, जाई. आतला तांब्याचा गाभा तुटलेला, वरचे वेष्टन शाबूत. नवी तार लावली. निळा पडदा गेला आणि काळा आला. मी निराश झाले, काका खुलले. निळा म्हणजे टीव्हीपर्यंत काही पोचतच नाही. काळा म्हणजे सिंक पोचते आहे, रेघ कुठे सुरू करायची आणि पान कुठे उलटायचे हे सांगणारे ठोके मिळत आहेत, फक्त रेघांत लिहिलेले काही नाही. नीट पाहिले तर तेही खरे नव्हते. वर डावीकडे एक बारीक आडवी रेघ उघडमीट करत होती. मी एक कळ दाबली की ती एक घर उजवीकडे सरके. कर्सर होता, अक्षरे नव्हती.

येथे दोन बिघाड एकमेकांत लपले होते. तार बदलूनही अक्षरे आली नाहीत यावरून ‘म्हणजे तार ठीकच होती’ असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ भेटतात. आणि मग ते तुटकी तार पुन्हा लावून पुढचा शोध घेतात. दोन लेखनिकांच्या चुका एकाच ओळीत साचल्या की अभ्यासक हमखास हाच घोटाळा करतो. एक दुरुस्ती सुचवतो, ओळ तरीही लागत नाही, म्हणून ती सोडून देतो. ती दुरुस्ती बरोबर असते, मात्र पुरेशी नसते.

दुसरा बिघाड समजायला यंत्राची एक खोड माहीत असावी लागते. बीबीसी मायक्रो सुरू होतो तो मोड ७मध्ये. या मोडमध्ये अक्षरांचे आकार संगणक काढत नाही. ते काम एका वेगळ्या चिपकडे असते : टेलिटेक्स्टसाठी बनवलेली मलार्डची एसएए ५०५०. तिच्या पोटात रोमन अक्षरे कायमची कोरलेली. बाकीच्या मोडमध्ये अक्षर ठिपक्या-ठिपक्याने स्मृतीत रचले जाते आणि या चिपला वळसा घालून पडद्यावर जाते. एकाच पोथीशाळेत दोन लेखनिक, म्हणा. मी आंधळेपणानेच ‘मोड ४’ टंकित केले आणि पडद्यावर बाणाच्या टोकासारखे ते ओळखीचे चिन्ह उमटले. मग दाबलेले प्रत्येक अक्षर दिसू लागले. काकांनी झाकण उघडून ती चिप सॉकेटमधून हलकेच उपसली, काळवंडलेल्या पिना साफ केल्या, परत दाबून बसवली. मोड ७ही आला.

गंमत अशी की ओव्यांना या चिपशी काही देणेघेणेच नव्हते. तिच्यात देवनागरी शिरू शकत नाही, म्हणून शिक्षकांनी सगळे काम मोड ४मध्ये केलेले. ज्या वाटेवर दुसरा बिघाड होता त्या वाटेने ओव्या कधी गेल्याच नव्हत्या. तरीही तेवढ्या बिघाडापायी त्या गेल्या असे ठरले असते.

कॅसेट कशी वाचली गेली याची हकिकत लांबट आहे, ती सोडते. कार्यक्रम चढला आणि चाळीस घरे बाय बत्तीस ओळींच्या पडद्यावर पहिली ओवी उभी राहिली. आणि मी, साहित्याची प्राध्यापिका, ताबडतोब एक चूक केली.

सगळ्या शिरोरेखा थरथरत होत्या. अक्षराचा उभा भाग स्थिर, आडवी रेघ मात्र वरखाली लुकलुकणारी. जात्याची घरघर, आईचा कापरा स्वर, स्मृतीची अस्थिरता... माझ्या वहीत त्या संध्याकाळी या थरथरीवर अर्धे पान लिहिलेले आहे. आजकाल यंत्राच्या बिघाडालाच सौंदर्य मानणारी समीक्षा आपल्याकडे येऊन पोचली आहे, तिला शोभेल असे अर्धे पान. दुसऱ्या दिवशी काकांच्या भाच्याने पुस्तिकेतून ‘*टीव्ही ०,१’ ही आज्ञा शोधून काढली. ती देऊन पुन्हा मोड ४मध्ये गेल्यावर रेघा शांत झाल्या. यंत्र चित्र दोन हप्त्यांत, अर्ध्या रेघेच्या फरकाने पाठवते. ही आज्ञा तो फरक काढून टाकते. जुन्या पिक्चर ट्यूबवर तो फरक सौम्य भासतो. सपाट टीव्हीचे मंडल मात्र दोन हप्त्यांना हलते चित्र समजून जोडू पाहते, आणि एका ठिपक्याच्या जाडीची रेघ त्यात सापडते. रोमन लिपीतही हे दिसते, पण देवनागरीला डोक्यावरची रेघच असल्यामुळे फार दिसते. शिक्षकांनी थोडी थरथर पाहिली असणार. मी पाहिली तेवढी नाही. माझे अर्धे पान एका नंतरच्या काळातल्या टीव्हीबद्दल होते.

उलट दिशेची चूक याहून गंभीर होती. प्रत्येक ओवीच्या वर दोन ओळी कोऱ्या. या पद्धतीत वेलांट्या आणि मात्रा शिरोरेखेच्या वरच्या घरात बसवाव्या लागतात, म्हणून एक ओळ सोडावीच लागते. दुसरी कशाला? मी तिला निरर्थक समजले आणि छापील प्रतीसाठी मजकूर उतरवताना गाळली. आमच्यापैकी एकीला ती ओवीआधीचा श्वास वाटली. काकांनी दुकानातून नव्वदच्या दशकातला पिक्चर ट्यूबचा एक रंगीत संच आणला आणि त्याच्या एव्ही इनपुटला संगणक जोडला. असे संच चित्राच्या कडा चौकटीबाहेर ढकलतात. वरची कोरी ओळ अख्खी चौकटीआड गेली, आणि ओवीच्या मात्रा काचेच्या कडेला बरोबर टेकल्या. पडदा खाली सरकवायला ‘*टीव्ही २५५’ अशी सोय यंत्रातच आहे. ती शिक्षकांना माहीत नसावी. हा शिक्षकांचा संच नव्हे, त्यामुळे याला पुरावा म्हणता येत नव्हते. पुढे त्याच कपाटात त्यांनी अक्षरे आखलेला आलेखकागद सापडला. त्यावर सर्वांत वरच्या ओळीवर तिरक्या रेघा मारून लिहिले आहे : ‘ही टीव्ही खातो.’

भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत सुकथनकरांनी तर्काने पाठ सुधारण्याचा मोह शक्य तितका टाळला, हे आपण वर्गात सांगतो. १९३३च्या आदिपर्वाच्या त्या प्रस्तावनेचा दाखला देणे सोपे आहे. कोरी ओळ गाळताना तो मला आठवला नाही, कारण माझ्या मनात पोथी म्हणजे ‘पाठ’ आणि तार म्हणजे ‘सामान’ अशी विभागणी पक्की होती. आपल्या विभागांतून ‘भौतिकता’ हा शब्द गेली वीसेक वर्षे भाजीत कोथिंबीर घालावी तसा घातला जातो. मल्टिमीटर मात्र मी एकाही विभागात पाहिलेला नाही.

इम्युलेटर आहेत की, असे कोणी म्हणेल. आहेत, चांगले आहेत, आणि ओव्यांची प्रत आम्ही त्यांवरही चालवून पाहिली, वाचता येते. बीबीसीच्याच डूम्सडे प्रकल्पाचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. १०८६च्या इंग्रजी महसुली नोंदवहीला नऊशे वर्षे झाली म्हणून १९८६मध्ये शाळकरी मुलांकडून देशाची नवी नोंद करवून ती लेसर तबकड्यांवर भरली. तिच्यात संगणकाची अक्षरे तबकडीवरच्या चित्रावर चढवून दाखवली जात. पंधराएक वर्षांतच ती वाचणे दुर्घट झाले, आणि लीड्स व मिशिगन विद्यापीठांच्या प्रकल्पाने २००२मध्ये इम्युलेशनचा मार्ग दाखवला. कॅनडाचा कवी बीपीनिकल याने १९८४मध्ये ॲपल टू-ई संगणकासाठी लिहिलेल्या ‘फर्स्ट स्क्रीनिंग’ या हलत्या कविता २००७मध्ये पुन्हा प्रसिद्ध करताना संपादकांनी मूळ कार्यक्रम, इम्युलेटरसाठीची प्रत आणि चित्रफीत अशी अनेक रूपे शेजारी शेजारी ठेवली. हा मला शहाणपणाचा मार्ग वाटतो. पण इम्युलेटरचा पडदा आदर्श असतो. त्याला कडा नसतात, तो काही खात नाही. त्याच्यावर दोन कोऱ्या ओळी दोन कोऱ्या ओळीच राहतात, आणि त्यांतली कोणती लिपीमुळे व कोणती टीव्हीमुळे, हे विचारायचेही सुचत नाही.

सगळी जुनी यंत्रे ठेवा असे मी म्हणत नाही. शाळांना जागा नसते हे मी जाणते. माझी मागणी लहान आहे. शेऱ्यात ‘डिस्प्ले नाही’ याऐवजी काय दिसले ते लिहावे : पडदा निळा होता की काळा, आवाज आला की नाही, कोणती तार, कोणता टीव्ही. एवढ्या चार शब्दांवर पुढच्या माणसाला काम सुरू करता येते. काका आणि माझ्यात एका गोष्टीवरून मतभेद मात्र राहिला. कंपोझिटमधून या यंत्राचे चित्र कृष्णधवल येते, कारण बोर्डावरचा एस ३९ हा दुवा मुळात उघडा ठेवलेला असतो. डाख दिला की रंग येतो. “एक थेंब, बाई,” असे ते तीनदा म्हणाले. मुलांना रंग आवडतील हे त्यांचे म्हणणे खोटे नाही. मी अजून होकार दिलेला नाही.

सत्तेचाळीस ओव्या उतरवून झाल्या आहेत, दोन्ही कोऱ्या ओळींसह. त्यांतल्या कोणत्या पूर्वी कोठे छापल्या गेल्या आहेत ते ताडून पाहणे चालू आहे. नोंदवहीतला शेरा बदलायला मी शाळेत गेले तेव्हा झाली ती सगळी हकिकत लिहावी असे मनात होते. भाऊसाहेबांनी वही पुढे केली आणि म्हणाले, “बाई, रकान्यात मावेल एवढंच लिहा.” मी लिहिले : ‘तार बदलली. चिप नीट बसवली. दिसते.’